सुटकेनंतरची कसोटी

दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन साजरा करतो. १९४८ साली याच दिवशी हैदराबादच्या निजामाने शरणागती पत्करली आणि सत्याग्रहींच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. पण सदसद्विवेकासाठी तुरुंग पत्करणाऱ्यांची कहाणी सुटकेपाशी थांबवली, तर ती अर्धीच राहते. नांदेड-लातूरच्या बाबतीत उरलेला अर्धा भाग अधिक अवघड आहे.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. महायुद्धाला माणसं किंवा पैसा देऊन मदत करणं गैर आहे, एवढं जाहीरपणे सांगायचं आणि होईल ती शिक्षा भोगायची. हैदराबाद संस्थानातला लढा युद्धविरोधाचा नव्हता, नागरी हक्कांचा होता. वाट मात्र हीच होती. तो लढवणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये, ती रीतसर उभी राहण्याआधीच, बंदी आली. हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांमध्ये शिकवलेले स्वामी रामानंद तीर्थ त्या वर्षी तुरुंगात गेले. १९४० मध्ये, गांधीजींच्या संमतीने, ते पुन्हा गेले आणि निजामाबादच्या तुरुंगात राहिले.

१५ ऑगस्ट १९४७ला त्यांना परत अटक झाली. नोव्हेंबरअखेर भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, तेव्हा ते सुटले. २६ जानेवारी १९४८ला पुन्हा आत गेले. सुटका ही सत्तेच्या सोयीची गोष्ट होती. दार उघडलं म्हणून स्वामीजींचं मत बदललं नाही, बंद झालं म्हणूनही नाही. संस्थानाच्या सरहद्दीवर लढ्यासाठी उभारलेल्या कॅम्पांतल्या तरुणांनी मात्र शस्त्र हाती घेतलं होतं. ३० जानेवारीला, गांधीहत्येच्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातली उमरी बँक लुटली गेली ती लढ्याला पैसा उभा करण्यासाठी.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि पाच दिवसांत सगळं संपलं. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांनी त्याआधी गावंच्या गावं छळली होती. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. या छळाचा सूड मात्र ज्यांचा रझाकारांशी संबंध नव्हता अशा सामान्य मुसलमानांवरही उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर फिरली. सर्वाधिक हानी झालेले जिल्हे तिने नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. त्या गावात वीसहून अधिक दिवस कत्तल चालली, असं समितीचा अहवाल सांगतो. संस्थानभरातल्या बळींचा त्याचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. हा अहवाल कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही.

याच अहवालात आणखी एक नोंद आहे. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना वाचवलं आणि त्यासाठी काहींनी स्वतःचा जीव गमावला. पळवून नेलेल्या बायकांच्या सुटकेसाठीही अनेक हिंदू पुढे आले.

हे लोक कोणत्याही सत्याग्रहाच्या यादीत नाहीत. त्यांना ना तुरुंग मिळाला, ना ताम्रपट. पण जुलमी राजाला नकार देणं जितकं कठीण, तितकंच आपल्याच माणसांच्या सुडाला नकार देणं कठीण असतं. किंबहुना अधिक, कारण तिथे पाठीशी कुणीच नसतं.

स्वामीजींच्या नावाचं विद्यापीठ आज नांदेडला उभं आहे. तिथे मुक्तिसंग्रामाचा इतिहास शिकवताना स्वामीजींच्या तुरुंगवासाशेजारीच लातूरचे ते वीस दिवस आणि ते विणकरही शिकवले पाहिजेत. जिंकल्यावर विवेकाने काय केलं, हे सांगितल्याशिवाय मुक्तीचा इतिहास पुरा होत नाही.