घाटांतील मोटार आणि तिचे गिअर

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरून कोल्हापूरकडे निघालेली मोटार हातखंबा, पाली, साखरपा हीं गांवें मागें टाकून आंबा घाटाच्या पायथ्याशीं येते. मोकळा रस्ता, उभा चढ, आखूड वळणें आणि मालवाहू ट्रकामागची रखडपट्टी हे सारे प्रकार या एकाच वाटेवर अनुभवास येतात. आपोआप गिअर बदलणारी वेगवान मोटार घेऊं इच्छिणाऱ्यानें अशाच रस्त्याचा विचार करावा हें बरें. कारण अशा मोटारी वरून सारख्या दिसल्या, तरी त्यांच्या पोटांतील यंत्रांच्या दोन अगदीं निराळ्या जाती आहेत.

चाकांना कधीं जोर हवा असतो, कधीं वेग. एंजिनाशीं त्यांचा हा मेळ गिअर घालतात. परंतु गिअर बदलतांना एंजिन व चाकें यांचा संबंध क्षणभर तोडावा लागतो, आणि तें काम डाव्या पायाखालचा क्लच करतो. हा पाय मोकळा करण्याचे मुख्य मार्ग दोन.

पहिला मार्ग तेलाचा. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्यें वाऱ्याचें हें काम तेल करतें. या कल्पनेचा पाया जर्मन अभियंते हर्मान फोटिंगर यांनीं १९०५ सालीं घातला. मोटार उभी आणि एंजिन चालू असतांना येथें क्लचच्या तबकड्या घासत नाहींत; शिवाय मधलें एक चक्र परतणारें तेल योग्य दिशेस वळवितें, म्हणून निघतांना जोर वाढतो. तेलाच्या निसटण्यांत मात्र शक्ति वाया जाते. त्यासाठीं वेग आल्यावर दोन्ही बाजू जखडणारा क्लच आतां त्यांतच बसवितात.

दुसऱ्या मार्गांत क्लच एकाचे दोन केले. एकाकडे पहिला, तिसरा, पांचवा असे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तिसरा गिअर काम करीत असतांनाच चौथा जोडून तयार असतो. एक क्लच सुटतो त्याच क्षणीं दुसरा पकड घेतो, आणि शक्तीचा ओघ जवळजवळ तुटतच नाहीं. पोर्शेनें ही युक्ति १९८० नंतरच्या दशकांत शर्यतींत वापरली, आणि २००३ सालीं फोक्सवागेनच्या गोल्फ आर ३२ या मोटारींतून ती सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोंचली.

पुण्याजवळ चाकण येथें तयार होऊन २०२२ सालीं बाजारांत आलेल्या फोक्सवागेन व्हर्टस या मोटारींत दोन्ही जाती शेजारीं शेजारीं दिसल्या. एक लिटरच्या ११५ अश्वशक्तीच्या एंजिनास टॉर्क कन्व्हर्टर व सहा गिअर. दीड लिटरच्या १५० अश्वशक्तीच्या एंजिनास दुहेरी क्लच व सात गिअर.

मोकळ्या रस्त्यावर ट्रक ओलांडतांना दुहेरी क्लचची तत्परता उपयोगी पडते. घाटांत मात्र पारडें फिरतें. ट्रकामागें मुंगीच्या पावलानें सरकतांना क्लच पुरता सुटत नाहीं, पुरता धरीतही नाहीं. तो घासत राहतो व तापतो. व्हर्टसप्रमाणें क्लच कोरडा असेल, तर ती उष्णता वाहून नेण्यास तेलही नसतें. म्हणून चढावर एंजिनाच्या जोरावर मोटार तोलून धरूं नये. ब्रेक दाबून थांबावें, पुढें पुरेसें अंतर पडूं द्यावें आणि मगच निघावें. उतारावर दोन्ही जातींना नियम एकच: हातानें खालचा गिअर निवडावा, नाहीं तर सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात व त्यांची पकड ढिली होते.

तेलाचें यंत्र सुस्त, ही जुनी समजूतही आतां टिकत नाहीं. बीएमडब्ल्यूच्या एम ५ या जलद मोटारींत २०११ सालीं दुहेरी क्लच होता. २०१७ च्या नव्या आवृत्तींत त्याची जागा आठ गिअरांच्या टॉर्क कन्व्हर्टरनें घेतली. यास्तव गिअर किती क्षणांत बदलतो एवढेंच न विचारतां, मोटार रोज कोणत्या रस्त्यानें जाणार हेंही गिऱ्हाइकानें स्वतःस विचारावें. शर्यतीचें मैदान क्वचितांच्याच वाट्यास येतें. घाट मात्र कोंकणांतून देशावर जाणाऱ्या प्रत्येकास चढावाच लागतो.