दमाची पारख

पावसाळा सरून हवेत गारवा उतरला, की महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेर, उजाडण्यापूर्वीच, तरुण मुलामुलींचे जथे रस्त्याच्या कडेने धावताना दिसू लागतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्या थोड्या मिनिटांवर पुष्कळदा एका अख्ख्या कुटुंबाची आशा टांगलेली असल्यामुळे, ही मुले रोज उठून तेच अंतर त्याच आकांताने, जणू आजच भरती आहे अशा निकराने, धावत असतात. त्यांच्या निष्ठेविषयी आदरच वाटावा. परंतु महिना-दीड महिना लोटतो न लोटतो तोच त्यांतील कित्येकांच्या नडग्या दुखू लागतात, वेळ एका जागी येऊन अडते, आणि ‘आपल्यात दमच इतका’ असा निकाल स्वतःविषयी देऊन ती खाली बसतात. चाळिशी ओलांडलेला गृहस्थ डॉक्टरांच्या सांगण्यावरून प्रथमच धावू लागतो, तोही शाळेतल्या शर्यतीसारखा सुटतो, दोनतीनशे पावलांत धापा टाकीत थांबतो, आणि धावणे हे आपल्या प्रकृतीला मानवणारे नाही अशी कायमची नोंद मनाच्या दप्तरी करून टाकतो.

हे दोन्ही निकाल माझ्या मते साक्षीपुराव्यावाचून दिलेले असतात. मनुष्याच्या अंगी किती सामर्थ्य आहे याचा तपास ज्या रीतीने व्हावा लागतो ती रीत संथ आहे, तिला महिने लागतात, आणि तिच्यात मुख्य साधन म्हणजे स्वतःच्या शरीराकडे लक्षपूर्वक पाहण्याची सवय. धावण्याच्या विद्येत ही गोष्ट एका माणसाने फार स्पष्टपणे सिद्ध करून दाखविली, आणि त्याची हकिगत आपल्याकडे अद्याप पुरेशी सांगितली गेलेली नाही.

आर्थर लिडियार्ड हा न्यूझीलंडमधील ऑकलंडचा. जन्म १९१७ चा. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. पादत्राणांच्या कारखान्यात तो काम करी, आणि प्रपंचाला हातभार म्हणून पहाटे घरोघर दूध पोचवी. रग्बी खेळणारा असल्यामुळे आपण धडधाकट आहोत अशी त्याची समजूत होती. परंतु तिशीच्या आतबाहेर असताना एका मित्राबरोबर पाच मैल धावण्याचा प्रसंग आला, आणि त्या पाच मैलांनी तो इतका बेजार झाला, की आजच ही अवस्था तर आणखी वीस वर्षांनी आपले काय होईल, या विचाराने तो मनातून हादरला. त्या काळच्या पुस्तकांत शिक्षणाचे जे मार्ग सांगितले होते त्यांनी समाधान न झाल्यामुळे, पुढील सुमारे दहा वर्षे त्याने स्वतःच्याच देहाची प्रयोगशाळा केली. कधी अगदी थोडे धावून पाहावे, कधी अतोनात धावून पाहावे, कधी वेग वाढवावा, कधी मुद्दाम उतरवावा, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी अंग कसे आहे, झोप कशी लागली, पाय उचलतात की ओढतात, याची मनोमन नोंद घ्यावी, असा तो क्रम होता. या तपासातून त्याला जे हाती लागले ते वरकरणी विपरीत वाटणारे होते: दम वाढतो तो दम तुटेपर्यंत धावल्याने नव्हे, तर दम न तुटेल अशा गतीने पुष्कळ वेळ धावल्याने, आणि तीव्र वेगाचा सराव, जो तोवर शिक्षणाचा पाया मानला जात असे, तो या पायावर शेवटच्या काही आठवड्यांत चढवावयाचा कळस आहे. १९५३ व १९५५ या वर्षी तो स्वतः न्यूझीलंडचा मॅरेथॉन विजेता झाला.

त्याच्याभोवती जी मुले जमली ती देशभरातून निवडून आणलेली नव्हती. ऑकलंड शहरात आणि आसपास राहणारी होती. त्यांतील मरे हॅल्बर्ग याचा डावा हात रग्बीतील अपघातामुळे जवळजवळ निकामी झालेला होता. पीटर स्नेल हा धिप्पाड तरुण ८०० मीटरच्या शर्यती धावणारा. म्हणजे ज्याची स्पर्धा पावणेदोन मिनिटांच्या आसपास संपते, त्यालाही लिडियार्ड दर रविवारी वाइटाकेरे टेकड्यांतून जाणाऱ्या २२ मैलांच्या चढउताराच्या वाटेवर धावावयास लावी, आणि आठवड्याचे एकूण अंतर शंभर मैलांपर्यंत नेई. हा प्रकार त्या वेळच्या जाणकारांना अनाकलनीय वाटत असे. २ सप्टेंबर १९६० रोजी रोम येथील ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि त्याच दिवशी, थोड्याच वेळाने, हॅल्बर्गने ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. पुढे त्याच स्पर्धेत, जी मॅरेथॉन अबेबे बिकिलाने अनवाणी धावून जिंकली तीत, लिडियार्डचाच शिष्य बॅरी मगी तिसरा आला. चार वर्षांनी टोकियोत स्नेलने ८०० आणि १५०० ही दोन्ही अंतरे जिंकली. एका शहराच्या परिसरात, एका चांभारकाम जाणणाऱ्या माणसाच्या हाताखाली, जगातील श्रेष्ठ धावपटूंपैकी तिघे एकाच वेळी निपजावेत हा योगायोग म्हणावा, तर तो फारच मोठा योगायोग मानावा लागेल. त्यापेक्षा असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते, की असे सामर्थ्य पुष्कळ ठिकाणी पुष्कळांच्या अंगी असते, आणि ते प्रकट होण्याइतका अवधी व इतके लक्ष त्याच्या वाट्याला येत नाही.

संथ धावण्याने दम कसा वाढतो हे आता शरीरशास्त्राला चांगले ठाऊक आहे. ज्या गतीने धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येते, त्या गतीत स्नायूंना लागणारी शक्ती जवळजवळ सर्वस्वी प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते. अशा धावण्याचे दिवस साठत गेले, म्हणजे हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींतील तंतुकणिका वाढतात, आणि शरीर चरबीचे इंधन अधिक सहजपणे वापरू लागून शर्करेचा मर्यादित साठा राखून ठेवते. प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी मिनिटास ६० ते १०० असते. दीर्घ पल्ल्याच्या मुरलेल्या धावपटूची कित्येकदा ४० च्या आसपास येते, ती याच कारणाने. याउलट वेग एका मर्यादेपलीकडे गेला, की मागणी प्राणवायूच्या पुरवठ्याहून अधिक होते. १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे इंग्रज शास्त्रज्ञ आर्किबाल्ड हिल यांनी स्वतः धावून प्रयोग केले आणि या अवस्थेला प्राणवायूचे ऋण असे नाव दिले. आणि सावकाराचे कर्ज जसे हंगाम हातात येण्यापूर्वीच दारात उभे राहते, तसे हे ऋण पुढच्या मिनिटा-दोन मिनिटांतच धाप होऊन उभे राहते. शिवाय हृदय व फुफ्फुसे आठवड्यांत सुधारतात, परंतु हाडे आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरा यांना कित्येक महिने लागतात. दम वाढल्याच्या आनंदात धावणारा वेग वाढवितो आणि नडगीचे हाड ते सोशीत नाही, हे दुखण्याचे नेहमीचे कारण आहे.

आता आत्मनिरीक्षणाचा भाग. १९७७ साली विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक या दोन अमेरिकन संशोधकांनी अव्वल दर्जाच्या दीर्घ पल्ल्याच्या धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सामान्य मॅरेथॉन धावणाऱ्यांविषयी असे आढळले होते, की श्रमाचा विसर पडावा म्हणून ते मन दुसरीकडे गुंतवितात. कोणी मनात घर बांधतो, कोणी गणिते करतो, कोणी गाणी आठवतो. अव्वल धावपटूंनी हीच युक्ती अधिक कौशल्याने साधली असेल अशी अपेक्षा होती. निघाले ते अगदी उलट. हे लोक सारा वेळ स्वतःच्या श्वासाकडे, पोटऱ्यांकडे, मांड्यांकडे, खांद्यांत साचणाऱ्या ताणाकडे लक्ष देत होते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या किंवा घड्याळाच्या हुकमापेक्षा या आतल्या खबरीवरून आपली गती ठरवीत होते. मला ही गोष्ट धावण्याच्या साऱ्या शास्त्रातील सर्वांत मोलाची वाटते; कारण श्रेष्ठत्व म्हणजे वेदनेकडे पाठ फिरविण्याची कठोरता, ही आपली रूढ समजूत तिने मुळातूनच हलविली.

याला एक पुरवणी जोडली पाहिजे. पुढील संशोधनात असे दिसून आले, की धावताना श्वासावर मुद्दाम चित्त खिळविणाऱ्या माणसाचा प्राणवायू त्याच वेगास अधिक खर्च होतो. म्हणजे आपल्याकडे साधनेच्या वाङ्मयात ज्याला साक्षीभाव म्हणतात तशा स्वरूपाचे हे लक्ष असावे लागते: पाहावे, नोंद घ्यावी, आणि ढवळाढवळ करू नये. सुरुवातीस हे अवघड जाते, कारण शरीराची भाषा कानावर पडण्याची सवयच आपल्याला राहिलेली नसते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नर बोर्ग यांनी यासाठी एक साधी मोजपट्टी करून दिली आहे. तीत श्रमाची जाणीव ६ पासून २० पर्यंतच्या आकड्यांत सांगावयाची असते, ६ म्हणजे स्वस्थ बसणे आणि २० म्हणजे श्रमाची कमाल. आणि गंमत अशी, की निरोगी तरुणाने प्रामाणिकपणे सांगितलेल्या आकड्यास दहाने गुणले, तर त्याच्या नाडीच्या ठोक्यांचा बराचसा अदमास येतो. ज्या जाणिवेला आपण केवळ मनाचा खेळ म्हणून बाजूस सारतो, तिची साक्ष यंत्राच्या साक्षीशी इतकी जुळावी, हे विचार करण्याजोगे आहे.

थकव्याचे स्वरूप काय, याविषयी मात्र मतभेद आहेत. दक्षिण आफ्रिकेतील टिम नोक्स यांचे प्रतिपादन असे, की स्नायू खरोखर रिकामे होण्यापूर्वीच मेंदू संरक्षणासाठी थकव्याची भावना उत्पन्न करून गतीला आवर घालतो. शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात, सर्वांत अधिक थकलेला असतानाही, धावपटू वेग वाढवू शकतो, हा त्यांच्या बाजूचा एक पुरावा. हा सिद्धांत सर्वमान्य झालेला नाही. तरीही व्यवहारापुरता त्याचा बोध घेण्यास हरकत नाही: पाय जड झाले, श्वास वाढला, मन ‘पुरे’ म्हणू लागले, तर ती सूचना आहे आणि तिच्याशी थोडी वाटाघाट करता येते, पण हाडावर एका बोटाने दाखविता येईल अशा ठिकाणी ठणका असेल, छातीत दाब येत असेल, किंवा उन्हात घाम थांबून डोके गरगरत असेल, तर तेथे वाटाघाटीस जागा नाही, तत्काळ थांबले पाहिजे. या दोहोंतील भेद ज्याला कळला त्याची निम्मी विद्या झाली.

आपल्या मुलखातही अज्ञात सामर्थ्य असे अवचित उघडकीस आले आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहूनच सर दोराबजी टाटा यांच्या मनात हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला धाडण्याचा विचार आला, आणि १९२० साली अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले एकोणिसावे आले. अलीकडचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांचे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत लागोपाठ तीन वर्षे पहिल्या आल्यावर कोणीही म्हणाले असते, की यांचे क्षेत्र ठरले. परंतु त्या ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या, २०१४ साली आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्यपदक मिळविले, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहाव्या आल्या. पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी धावमार्गावरील शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी भारतीय स्त्री ही, आणि ज्या प्रकारात ती गाठली तो त्यांनी मॅरेथॉनचा दीर्घ पाया घातल्यानंतर हाती घेतलेला. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यानंतरच याच शर्यतीकडे आले, आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेऊन, ज्या शर्यतीतील तिन्ही पदके केनियाची म्हणून ठरूनच गेली होती, तिथे त्यांनी जागा केली.

पदकांशी कर्तव्य नसलेल्या वाचकाला यातून काय घेता येईल, त्याचेही उत्तर लिडियार्डच देऊन गेला आहे. रोमच्या यशानंतर त्याने ऑकलंडमधील प्रौढ, स्थूल, काही तर हृदयविकार होऊन गेलेल्या नागरिकांना संथ धावण्यास लावले. १९६२ मध्ये त्यांचे मंडळही स्थापन झाले. अमेरिकेतील ऑरेगॉनचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन त्याच सुमारास तेथे गेले असता, त्या जथ्याबरोबर धावताना हृदयविकाराचे झटके येऊन गेलेल्या एका वृद्धानेच त्यांना सोबत केली, आणि त्याच्या चालीने जाणेही बॉवरमन यांना जड गेले. परतल्यावर त्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाच्या साहाय्याने १९६७ साली लिहिलेल्या पुस्तकामुळे संथ धावण्याची आवड अमेरिकाभर पसरली.

आरंभ करावयाचा तो डॉक्टरांकडून प्रकृती तपासून, विशेषतः चाळिशीनंतर किंवा रक्तदाब, मधुमेह असल्यास. प्रथम काही आठवडे थोडे चालावे, थोडे धावावे, पुन्हा चालावे. बोलता येईना की गती उतरवावी, आणि उतरविण्यात कमीपणा मानू नये. आपल्याकडे चैत्र-वैशाखात सूर्योदयापूर्वी बाहेर पडणे इष्ट, आणि उन्हाळा सुरू होताच शरीराला त्या उष्म्याशी जुळवून घेण्यास दहा ते चौदा दिवस द्यावेत; त्या दिवसांत तीच गती अधिक कष्टाची वाटेल, ते शक्ती घटल्याचे लक्षण समजू नये. रोज परत आल्यावर किती वेळ धावलो, झोप कशी होती, श्रम ६ ते २० यांपैकी कितीसे वाटले, आणि कोठे दुखले, एवढा मजकूर एखाद्या वहीत दोन ओळींत लिहून ठेवावा. तीन महिन्यांनी मागची पाने चाळून पाहावीत: ज्या वाटेपुढे पूर्वी १६ लिहिले होते त्याच वाटेपुढे आता बहुधा १२ लिहिलेले आढळेल.