एक पातेलं, तीन रंग

एका मोठ्या पातेल्यात कांद्याची टरफलं उकळायला ठेवा. पाणी चांगलं तांबूस-तपकिरी झालं की टरफलं गाळून काढा. आता त्याच पाण्यात तीन वस्तू सोडा: लोकरीची एक लडी, रेशमाची एक लडी आणि पांढऱ्या सुती कापडाचा एक तुकडा. पाणी तेच, आच तीच, वेळही तितकाच. तासाभरानं तिन्ही बाहेर काढून स्वच्छ पाण्यात धुतल्या तर काय दिसेल?

लोकर झक्क नारिंगी झालेली असते. रेशीम सोनेरी होतं आणि उन्हात धरलं की चकाकतं. आणि सुती कापड? ते जेमतेम फिकट बदामी! दोन-चार वेळा धुतलं की तेवढाही रंग राहील की नाही, शंकाच. तिघं एकाच पातेल्यात बुडाली होती, मग सुती कापडावर हा अन्याय का?

आमच्या विणकामाच्या गटात हा प्रश्न नवीन आलेलं प्रत्येक मूल विचारतं, आणि विचारायलाच हवा असा तो आहे. या गटात लोकर विणणाऱ्या आज्या आहेत, चरख्यावर सूत कातणारे एक काका आहेत आणि शाळेत जाणारी बरीच मुलं आहेत. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी सगळे अंगणात जमतात आणि आपापलं सूत, लोकर, कापड एकत्र रंगवतात. रंगाई सगळ्यांनी मिळून करण्यात एक मोठा फायदा असतो. पातेल्यात जो पहिला उतरतो, तो पाण्यातला बराचसा रंग शोषून घेतो. दुसऱ्याला त्याच पाण्यातून जरा फिका रंग मिळतो, तिसऱ्याला आणखी फिका. एकट्यानं रंगवलं तर उरलेलं पाणी फेकून द्यावं लागेल. गटात मात्र एकाच पाण्यातून गडद नारिंगीपासून लोण्यासारख्या पिवळटापर्यंत सगळ्या छटा मिळतात. सगळ्या शेजारी शेजारी वाळत घातल्या की बघतच राहावंसं वाटतं.

लडी पातेल्यात सोडण्याआधी तिला चार ठिकाणी दोऱ्यानं बांधतात, नाहीतर धाग्यांचा असा गुंता होतो की सोडवता सोडवता संध्याकाळ होईल. पण ही गाठ सैल हवी. घट्ट बांधली तर गाठीच्या खाली रंग शिरतच नाही आणि लडीवर पांढरे पट्टे राहतात. कच्छ आणि राजस्थानातले बांधणीचे कारागीर नेमकं हेच मुद्दाम करतात. कापडाचा अगदी इवलासा भाग चिमटीत धरून त्यावर दोरा गच्च गुंडाळायचा, कापड रंगात बुडवायचं, वाळवायचं आणि दोरा सोडायचा. जिथे दोरा होता तिथे पांढरा ठिपका! एका साडीवर असे हजारो ठिपके असतात आणि प्रत्येकासाठी हातानं एक गाठ मारलेली असते.

बरं, सुती कापडावरच्या अन्यायाकडे वळू. आजीच्या केसांना मेंदी लावलेली पाहिलीय ना? ती लावताना बोटांना लागली तर नखंही केशरी होतात, आणि तो रंग नख वाढून कापलं जाईपर्यंत जात नाही. केस आणि नखं प्रथिनांची बनलेली असतात. मेंदीतला रंग प्रथिनाशी पक्का जोडला जातो. लोकर म्हणजे तरी काय? मेंढीचे केसच! रेशीम म्हणजे रेशमाच्या अळीनं स्वतःभोवती गुंडाळलेला धागा, तोही प्रथिनाचाच. प्रथिनाच्या धाग्यावर रंगाचे कण धरून ठेवणाऱ्या जागा भरपूर आणि वेगवेगळ्या प्रकारच्या असतात. त्यामुळे लोकर आणि रेशीम बहुतेक रंगांना चटकन जवळ करतात.

कापूस मात्र झाडाचा. तो सेल्युलोजचा बनलेला असतो, आणि सेल्युलोजवर अशा जागा फार कमी. शिवाय कच्च्या सुतावर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो. कोऱ्या, न धुतलेल्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब टाकून बघा. तो लगेच शोषला जात नाही, काही वेळ वर बसून राहतो. म्हणून सुती कापड रंगवण्याआधी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून घ्यावं लागतं. एवढं करूनही रंग नुसता येऊन जातो, टिकत नाही.

मग यावर उपाय? तुरटी! आजोबांची दाढी झाल्यावर फिरवायची, गढूळ पाण्यात घालायची, तीच तुरटी. तुरटीत अॅल्युमिनियम असतं. ते एका हातानं धाग्याला धरतं आणि दुसऱ्या हातानं रंगाच्या कणाला. अशा मधल्या पदार्थाला रंगबंधक म्हणतात. 100 ग्रॅम लोकरीला साधारण 10 ते 15 ग्रॅम तुरटी पुरते. ती गरम पाण्यात विरघळवून त्यात लोकर आधी भिजवून ठेवायची आणि मग रंगात घालायची. रंग जास्त उजळ येतो आणि धुतल्यावरही टिकतो.

पण कापूस एवढा हट्टी की तो तुरटीलाही नीट धरत नाही. इथे आपल्या देशातल्या जुन्या रंगाऱ्यांची हुशारी कामाला येते. त्यांनी कापसाला आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवायची रीत काढली. हो, खोकल्यावर चघळायला देतात तोच हिरडा. हिरड्यात टॅनिन नावाचे तुरट पदार्थ भरपूर असतात. टॅनिन कापसाला चिकटतं, टॅनिनला तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग. म्हणून कापूस रंगवायचा तर आधी हिरडा, मग तुरटी आणि मग रंग. हाच क्रम पाळायचा. आमच्या गटात हिरडा लावलेला तुकडा आणि साधा तुकडा एकाच पातेल्यात घालतात. दोन्ही बाहेर निघाल्यावर कुठला कुणाचा हे सांगावं लागत नाही.

याच हट्टी कापसानं एका इंग्रज मुलालाही खूप दमवलं होतं. त्याचं नाव विल्यम पर्किन. 1856 साली, वयाच्या 18व्या वर्षी, तो सुट्टीत लंडनमधल्या आपल्या घरी प्रयोग करत होता. त्याला मलेरियावरचं औषध, क्विनीन, बनवायचं होतं. ते काही जमलं नाही, भांड्यात नुसता काळा गाळ उरला. तो गाळ अल्कोहोलमध्ये विरघळवल्यावर सुंदर जांभळा रंग दिसला, आणि त्यानं त्यात रेशीम बुडवून पाहिलं. जगातला पहिला गाजलेला कृत्रिम रंग तो हाच. रेशमावर तो छान बसला. स्कॉटलंडमधल्या पर्थ गावच्या रंगाऱ्यांना त्यानं नमुना पाठवला आणि त्यांनाही तो आवडला. पण कापसावर तो टिकेना! पर्किनला कापसासाठी वेगळी युक्ती शोधावी लागली, आणि ती युक्ती होती टॅनिनची. हिरड्यात असतं तेच टॅनिन. रसायनशास्त्राची पुस्तकं शिकलेला मुलगा ज्या वाटेवर आला, ती वाट आपल्याकडच्या रंगाऱ्यांच्या रोजच्या पायाखालची होती. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

आपल्याकडे ही विद्या किती जुनी असेल? मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीचं एक भांडं सापडलं आणि त्याला चिकटलेला सुती कापडाचा छोटासा तुकडा. चार हजार वर्षांहून जुना! त्याची तपासणी कुठे झाली माहितेय? आपल्या मुंबईत, माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत. टर्नर आणि गुलाटी या संशोधकांनी तो कापूसच आहे हे दाखवलं, आणि त्यावर मंजिष्ठेच्या जातीचा तांबडा रंग असल्याचं आढळलं. मंजिष्ठ ही एक वेल आहे आणि तांबडा रंग तिच्या मुळांत असतो. कापसावर हा रंग पक्का बसवायचा तर रंगबंधक लागतोच. म्हणजे लोखंडाची हत्यारंही आली नव्हती, त्या काळात ही युक्ती आपल्याकडच्या माणसांना ठाऊक होती.

लोखंडाचं नाव निघालंच आहे, तर त्याचीही करामत बघू. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, हे घरात विचारलंत तर कुणीही सांगेल. आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. घरी करून बघायचं असेल तर गंजलेले दोन खिळे व्हिनेगरमध्ये चार दिवस ठेवा. मग ते पाणी थेंब थेंब बिनदुधाच्या कोऱ्या चहात टाका. चहा बघता बघता काळपट होतो. (तो चहा प्यायचा नाही, हे लक्षात ठेवा!) आंध्रातले कलमकारी कारागीर गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस मुरवतात. त्या पाण्यानं हिरडा लावलेल्या कापडावर रेघ ओढली की ती काळी उमटते. कांद्याच्या रंगातून काढलेली नारिंगी लडी अशा पाण्यात जरा बुडवली तर ती शेवाळी हिरवी होते. रंग तोच, फक्त मधला धातू बदलला.

आणि आता माझा सगळ्यात लाडका रंग. निळीचा. (कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुताना घालतात ती नीळ ही नव्हे. ही नीळ झुडपाच्या पानांतून मिळते.) हा रंग कापूस आणि लोकर असा भेद करत नाही. त्याला तुरटीही लागत नाही आणि हिरडाही. कारण त्याची पद्धतच निराळी आहे.

निळीची पूड पाण्यात विरघळत नाही. कितीही ढवळा, खाली बसते. विरघळत नाही म्हटल्यावर ती धाग्याच्या आत शिरणार कशी? म्हणून रंगारी पिंपात चुना आणि गूळ किंवा पिकलेली फळं घालून ते झाकून ठेवतात. त्यातून अशी रासायनिक क्रिया होते की निळीचं रूप बदलतं आणि ती पाण्यात विरघळते. पण मग ती निळी राहत नाही! पिंपाच्या तोंडाशी निळा फेस असतो आणि तांब्यासारखी चमकणारी साय. साय बाजूला केली की खालचं पाणी चक्क पिवळट हिरवं.

या पाण्यात कापड अलगद सोडायचं, बुडबुडे होऊ द्यायचे नाहीत. बुडबुड्यांबरोबर हवा आत जाते आणि हवेतल्या ऑक्सिजननं पिंप बिघडतं. काही मिनिटांनी कापड बाहेर काढायचं. ते हिरवं असतं, पोपटी म्हणावं इतकं. आणि मग सगळा गट गप्प होतो. आधी कडा निळ्या पडतात. मग निळा रंग आत सरकत जातो. घडीच्या पोटात अजून हिरवंच असतं, कारण तिथे हवा पोचलेली नसते. घडी उलगडली की तीही डोळ्यांदेखत निळी होते. हवेतला ऑक्सिजन मिळाला की नीळ पुन्हा न विरघळणारी होते, आणि आता ती धाग्याच्या आत अडकलेली असते. पाण्यानं ती निघणार नाही. आणखी गडद हवी असेल तर पुन्हा बुडवायचं, पुन्हा हवा द्यायची. चुन्यामुळे हात भाजू शकतात, म्हणून आमच्याकडे पिंपाचं काम हातमोजे घातलेली मोठी माणसंच करतात. कापड उलगडायचा मान मात्र मुलांचा, तेही हातमोजे घालूनच.

तुमची जीन्सही निळीचीच असते. फक्त ही नीळ आता कारखान्यात बनते, 1897 पासून ती बाजारात आहे. जीन्सची कड उलटून बघा, आतली बाजू पांढरट दिसेल. कारण तिथे कापड रंगवलेलं नसतं, विणण्याआधी फक्त उभे धागे रंगवलेले असतात आणि आडवे पांढरेच ठेवतात. सूत आधी रंगवलं की अशा गमती करता येतात. येवल्याची धूपछाव पैठणी अशीच होते. तिचे उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या, म्हणून पदर हलला की रंग बदलल्यासारखा वाटतो.

घरी सुरुवात करायची तर कांद्यापासूनच करा. आजपासून टरफलं एका कागदी पिशवीत साठवा. जेवढ्या वजनाची लोकर, साधारण तेवढ्याच वजनाची कोरडी टरफलं लागतात, आणि ती फार हलकी असतात, त्यामुळे शेजारच्या चार घरांनाही कामाला लावा. रंगाचं पातेलं वेगळं ठेवा, त्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही. गॅसजवळ मोठं माणूस हवंच. लोकर पाण्यात खळखळ उकळू नका आणि चोळू नका. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकले की लडीचा घट्ट गोळा होतो आणि तो सुटत नाही. रंगून झालं की ती त्याच पाण्यात निवू द्या.

आणि एक जाड वही करा. प्रत्येक वेळी रंगवलेल्या धाग्याचा बोटभर तुकडा तिच्यात चिकटवा आणि शेजारी लिहा: धागा कशाचा, तुरटी किती, टरफलं किती, पाण्यात किती वेळ. वहीतला एक तुकडा कागदाखाली झाका, दुसरा खिडकीच्या उन्हात ठेवा आणि महिन्यानं दोन्ही शेजारी धरून बघा. हळदीचा रंग यात सपशेल नापास होतो, म्हणून तर डब्यातल्या भाजीचे पिवळे डाग पडलेले शर्ट आई उन्हात वाळत घालते. कांदा उन्हात किती टिकतो, ते तुमच्या वहीत बघून आम्हाला पत्रानं नक्की कळवा.