अनुभव खरा, अर्थ उसना

विज्ञान शिकलेला माणूस बुवाबाजीला सहसा बळी पडत नाही, असे आपण शिक्षक मंडळी धरून चालतो. या समजुतीला जबर धक्का देणारी घटना २० मार्च १९९५ रोजी जपानमध्ये घडली. सकाळी, कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत, टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांमध्ये द्रवरूप सरीनने भरलेल्या पिशव्या छत्रीच्या टोकाने फोडण्यात आल्या. सरीन हे मज्जासंस्थेवर आघात करणारे विष आहे. हजारो लोकांना बाधा झाली. या हल्ल्याचा चौदावा बळी गेला तो २०२० साली, पंचवीस वर्षे अंथरुणाला खिळून राहिल्यानंतर.

पिशव्या फोडणारे पाचही जण ‘ओम् शिनरिक्यो’ या पंथाचे साधक होते आणि पाचही जण विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेले होते. एक हृदयशल्यविशारद, एक वासेदा विद्यापीठाचा उपयोजित भौतिकीचा पदवीधर, तर एक टोकियो विद्यापीठात मूलकणांचा अभ्यास करणारा संशोधक.

हे कसे घडले? याचे उत्तर पंथाबाहेर पडलेल्यांच्या सांगण्यातून बरेचसे मिळते. काहींनी न्यायालयात जबान्या दिल्या, काहींनी आठवणी लिहिल्या. कादंबरीकार हारुकी मुराकामी यांनी पंथातील आजी-माजी साधकांच्या मुलाखती घेऊन त्या १९९८ साली प्रसिद्ध केल्या.

पहिली पायरी : अनुभव

पंथाचा गुरू शोको आसाहारा १९८४ पासून टोकियोत योगाचे वर्ग घेत असे. वासेदाचा विद्यार्थी केनिची हिरोसे याने १९८८ साली त्याचे पुस्तक वाचले. पुढे तुरुंगातून विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या मजकुरात हिरोसे सांगतो, की वाचनानंतर काही दिवसांनी रात्री झोपेत एकाएकी आपल्या आत स्फोटासारखा आवाज झाला आणि ऊन प्रवाहासारखे काहीतरी पाठीच्या कण्यातून वर चढले. पुस्तकात कुंडलिनीचे जे वर्णन होते, तेच हुबेहूब! त्याला पुरावा मिळाला.

आता आपण थोडे थांबून विचार करू. झोपेच्या उंबरठ्यावर डोक्यात स्फोट झाल्यासारखा आवाज निरोगी माणसांनाही येतो; वैद्यकशास्त्राला हा प्रकार परिचित आहे. भराभर आणि खोल श्वास घेत राहिले, की रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूतील रक्तवाहिन्या आकसतात आणि तेथील रक्तप्रवाह घटतो. मग हातापायांना मुंग्या येतात, शरीर हलके वाटते. काही रात्री पुरेशी झोप मिळाली नाही, तर भासही होऊ लागतात. म्हणजे साधक खोटे बोलत नव्हते. त्यांचा अनुभव खरा होता. त्याचा अर्थ मात्र पुस्तकातून आधीच हाती ठेवलेला होता. वर्णन वाचल्यानंतरच अनुभव आला, हा क्रम कोणी तपासला नाही.

दुसरी पायरी : शंका हाच दोष

विज्ञानात शंका हे हत्यार आहे. पंथात ते आजाराचे लक्षण ठरत असे. मनात प्रश्न आला, तर तो आपल्याच मलिन कर्माचा परिणाम. उपाय म्हणजे अधिक साधना. या चौकटीत कोणतेही निरीक्षण गुरूच्या विरोधात जाऊच शकत नाही. फेब्रुवारी १९९० मध्ये पंथाने संसदेच्या निवडणुकीत २५ उमेदवार उभे केले. सगळे पडले. आसाहाराने सांगितले, की मतमोजणीत लबाडी झाली. भाकीत फसले तरी श्रद्धा शाबूत राहिली, उलट बाहेरच्या जगाविषयीचा संशय वाढला.

तिसरी पायरी : दारे बंद

पूर्णवेळ साधक होणाऱ्याने घरदार सोडायचे आणि मालमत्ता पंथाला द्यायची. फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी गावात पंथाच्या इमारती होत्या. त्यांना नाव होते ‘सत्यम्’ आणि पुढे क्रमांक. सातव्या ‘सत्यम्’मध्ये सरीन तयार करण्याचा कारखाना होता! झोप थोडी, अन्न साधे, आईवडिलांशी संबंध नाही. विचार पडताळून पाहायला दुसरे माणूसच उरले नाही.

अशा मनाला ‘पोवा’ची शिकवण दिली गेली. मृताच्या जिवाला वरच्या लोकी पोहोचवण्याची ही तिबेटी कल्पना आसाहाराने पार उलटी केली. पापे साठवणाऱ्या माणसाला सिद्ध पुरुषाने मारले, तर तो त्याच्यावर उपकारच, असे तो सांगे. एकेक पायरी लहान होती, म्हणून शेवटची उडी त्यांना उडी वाटली नाही.

बाहेर आल्यावर

माजी साधकांच्या बोलण्यातील एक गोष्ट आपल्याला अस्वस्थ करते. मुराकामींनी पंथात गेल्याचा पश्चात्ताप होतो का असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी ती वर्षे वाया गेली असे म्हटले नाही. तेथे त्यांना सोबती मिळाले होते, जगण्याला हेतू मिळाला होता आणि स्वतः निर्णय घेण्याचे ओझे उतरले होते. या भुकेची दखल न घेता ‘मूर्ख होते’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे; त्याने काहीच उलगडत नाही.

अर्थात आठवणी हा पुरावाही तपासूनच घ्यावा लागतो. बाहेर पडलेला माणूस भूतकाळाकडे नव्या नजरेने पाहतो आणि नकळत त्याची फेरजुळणी करतो. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेकांच्या आठवणी आणि न्यायालयातील पुरावे ताडून पाहावे लागतात. येथे ते बरेचसे जुळतात.

हृदयशल्यविशारद इकुओ हायाशी याने अटकेनंतर कबुली दिली आणि तपासाला वाट मिळाली; १९९८ साली त्याला जन्मठेप झाली. जुलै २०१८ मध्ये आसाहारासह १३ जणांना फाशी देण्यात आले. त्यांत हिरोसेही होता. या पंथातून निघालेले गट आजही जपानमध्ये आहेत आणि १९९५ नंतर जन्मलेली मुले त्यांच्याकडे ओढली जात आहेत.

वर्गात काय करता येईल?

दोन साध्या सवयी लावता येतील. पहिली, वहीत दोन रकाने आखावेत : ‘मला काय जाणवले’ आणि ‘मी त्याचा काय अर्थ लावला’. प्रयोगाच्या नोंदीपासून भुताच्या गोष्टीपर्यंत सर्वत्र हे रकाने चालतात. मुलाच्या अनुभवाला हसू नये. दुसऱ्या रकान्यात आणखी कोणते अर्थ बसतील, एवढे विचारावे. दुसरी सवय म्हणजे प्रत्येक दाव्यापुढे एक प्रश्न लिहावा : काय दिसले तर मी हे चूक मानीन? उत्तर ‘काहीही नाही’ असे आले, तर सावध व्हावे.

सरीनचे रेणुसूत्र या मंडळींना येत होते. हा प्रश्न विचारायची सवय त्यांच्या अभ्यासक्रमात किती होती, आणि आपल्या अभ्यासक्रमात किती आहे, याचा विचार आपण केला पाहिजे.