घरींच भरणारी शाळा

शाळा म्हटली म्हणजे इमारत, घंटा, फळा, बांकें आणि हजेरीपुस्तक हातीं घेतलेले गुरुजी हें चित्र आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. यांपैकीं एकही वस्तु नसतां शाळा भरूं शकेल काय, असा प्रश्न अलीकडे कांहीं पालक विचारूं लागले आहेत. मुलाला शाळेंत न घालतां घरीं शिकवावें, आणि तो तेराचौदा वर्षांचा होऊन बीजगणित व रसायन हे विषय आईबापांच्या आटोक्याबाहेर गेले म्हणजे संगणकावर भरणाऱ्या ऑनलाइन शाळेंत त्याचें नांव दाखल करावें, असा हा बेत असतो. तो वेडगळ नाहीं. परंतु त्यांत अनेक गोष्टींची गल्लत होते, म्हणून त्याची थोडी फोड करून पाहणें इष्ट आहे.

कल्पना वाटते तितकी नवी नाहीं. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहराच्या काल्व्हर्ट शाळेनें १९०६ सालीं घरीं शिकणाऱ्या मुलांसाठीं टपालानें धडे पाठविण्यास आरंभ केला. परदेशीं राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांनीं, आणि त्यांत मिशनरी कुटुंबें पुष्कळ होतीं, तिचा मोठा उपयोग करून घेतला. (ज्यांना हें जमत नसे त्यांना मुलें डोळ्यांआड करून वसतिगृहांत ठेवावीं लागत, कोडाईकनालची शाळा १९०१ सालीं मिशनऱ्यांच्या मुलांसाठींच निघाली.) न्यूझीलंडच्या सरकारनें १९२२ सालीं दीपगृहांवर व दूरच्या रानांत राहणाऱ्या मुलांसाठीं पत्रद्वारा शाळा काढली, आरंभीं तिचें सारें काम एकच शिक्षिका पाहत असे. पुढें १९५१ सालीं ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं ॲलिस स्प्रिंग्ज येथें बिनतारी यंत्रावर वर्ग भरूं लागले. शेजारीं मैलोगणती दुसरें घर नाहीं अशा ठिकाणीं मुलगा यंत्रापुढें बसे, आणि शिक्षिकेनें नांव पुकारलें म्हणजे उत्तर देई. आज त्या यंत्राची जागा संगणकानें घेतली आहे. एक गोष्ट मात्र बदललेली नाहीं. त्या घरांत मुलाच्या शेजारीं एक वडील माणूस, बहुधा आईच, बसलेली असते. तिला तेथें गृहशिक्षक असें नांव आहे आणि शाळा तिला आपल्या व्यवस्थेचाच भाग समजते. आपल्याकडील जाहिरातींत नेमकी हीच व्यक्ति दिसत नाहीं!

आतां गल्लतीकडे वळूं. ऑनलाइन शाळा या एकाच नांवाखालीं आपल्याकडे निरनिराळ्या वस्तु मिळतात. कांहीं ठिकाणीं नुसते मुद्रित केलेले धडे असतात. ते हवे तेव्हां पाहावे. केंद्र सरकारनें २०१७ सालीं सुरू केलेल्या स्वयम् व दीक्षा या दोन व्यवस्थांत असें साहित्य विनामूल्य मिळतें, तेव्हां केवळ एवढ्यासाठीं कोणी जबर फी मागत असेल तर ती देण्याचें कारण नाहीं. दुसरीकडे ठराविक वेळीं शिक्षक समोर दिसतात, प्रश्न विचारतात, वह्या तपासतात; हा खरा वर्ग होय. परंतु या दोहोंपैकीं कोणीही दहावी-बारावीचें प्रमाणपत्र आपल्या अधिकारानें देऊं शकत नाहीं. तें देतें परीक्षा-मंडळ. पुष्कळ पालक शिक्षकांची पात्रता विचारतात, तासांची संख्या विचारतात, आणि मुलगा शेवटीं कोणत्या मंडळाच्या परीक्षेस बसेल हें विचारावयाचें राहून जातें. एखादी संस्था परदेशी पदविकेचें नांव घेत असेल, तर ती पदविका येथील बारावीच्या तोडीची मानली जाते कीं नाहीं, याची चौकशी प्रवेशापूर्वीं करावी. नंतर केली तर तिचा उपयोग काय?

कायद्याची स्थिति अशी आहे. अमेरिकेंत १९९३ पर्यंत सर्व संस्थानांत घरीं शिकविणें कायदेशीर झालें. उलट जर्मनींत मुलाला शाळेंत पाठविणें सक्तीचें आहे आणि घरशिक्षण हा त्याला पर्याय मानला जात नाहीं. आपल्याकडे २००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. त्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शाळेंत दाखल करणें हें पालकांचें कर्तव्य ठरविलें आहे. न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाहीं, व घरशिक्षणाचा उल्लेखही नाहीं. चौदा वर्षांनंतर वाट अधिक मोकळी होते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ सालीं स्थापन झाली. तिची माध्यमिक परीक्षा चौदा वर्षें पूर्ण झालेल्यांस देतां येते. प्रवेश पांच वर्षें टिकतो, त्या मुदतींत परीक्षेच्या नऊ संधि मिळतात, आणि विषय एक-एक, दोन-दोन करून सोडवितां येतात. दीर्घ आजारांतून उठलेल्या मुलाला, किंवा दिवसांतील सहा तास तबल्याला अथवा बॅडमिंटनला देणाऱ्या मुलीला ही सवलत केवढी मोठी आहे, हें सांगावयास नकोच. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या परीक्षेसही फॉर्म नंबर १७ भरून खाजगी विद्यार्थी म्हणून बसतां येतें.

तरीही नियमांतील एका ओळीनें केवढा घोटाळा होतो पाहा. २०१८ च्या आरंभीं वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत एक तरतूद घालण्यांत आली, आणि मुक्त विद्यालयांतून बारावी झालेले विद्यार्थी त्या प्रवेशास अपात्र ठरले. त्याच वर्षीं दिल्ली उच्च न्यायालयानें ती तरतूद रद्द ठरविली, परंतु सर्वोच्च न्यायालयांत प्रकरणाचा निकाल लागावयास २०२४ साल उजाडलें. निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूनें लागला हें खरें. पण मधल्या सहा वर्षांत डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्या मुलांच्या जिवाची कशी घालमेल झाली असेल! म्हणून मूल पुढें काय होऊं इच्छितें तें आधीं विचारून, त्या मार्गाचे नियम त्या त्या वर्षीं वाचून मगच पाऊल टाकावें.

प्रमाणपत्राची सोय झाली तरी शाळेचीं कांहीं कामें उरतातच. रसायनाचा प्रयोग पडद्यावर पाहणें आणि स्वतःच्या हातानें थेंब थेंब आम्ल घालीत द्रावणाचा रंग पालटण्याची वाट पाहणें, यांत अंतर आहे. दुसऱ्यांत धीर शिकावा लागतो. सोबतीचें तेंच. वर्गांत आपल्याला न आवडणाऱ्या मुलाशेजारीं वर्षभर बसावें लागतें, हा माझ्या मतें शाळेचा एक मोठा लाभ आहे, जरी कोणतीही शाळा आपल्या माहितीपत्रकांत तो छापीत नाहीं. घरीं शिकणाऱ्या मुलाला ही सोबत मैदानावर, स्काउटांत, शब्बाथशाळेंत किंवा गांवच्या वाचनालयांत शोधून द्यावी लागते. ती आपोआप येत नाहीं.

आणि दिवसाची शिस्त? ज्या यंत्रावर धडा चालतो त्याच यंत्रावर खेळ व गप्पाही असतात. २०२० सालीं मार्चपासून शाळा बंद पडल्या तेव्हां याचा अनुभव घरोघरीं आला. त्याच वर्षींच्या असर या पाहणींत ग्रामीण भागांतील शाळेंत जाणाऱ्या मुलांपैकीं सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन असल्याचें आढळलें; म्हणजे दर दहांतील जवळजवळ चौघांच्या घरीं तो नव्हता, आणि जेथें होता तेथें तो पुष्कळदां वडिलांच्या खिशांतून कामावर जाई. यंत्र असलें म्हणजे झालें असें नव्हे. तें मुलाच्या हातीं केव्हां असेल आणि जवळ कोण बसेल, हेंही ठरवावें लागतें. दोघेही पालक सकाळीं घराबाहेर पडत असतील तर पंधरा वर्षांच्या मुलाला एकट्यानें वेळापत्रक पाळावयास लावणें हें त्याच्यावर फार ओझें टाकण्यासारखें आहे. कांहीं मुलें तें पेलतात. आपलें मूल त्यांपैकीं आहे काय, याची परीक्षा दिवाळीच्या अथवा उन्हाळ्याच्या सुटींत तीन आठवडे ठराविक तास घालून पाहतां येईल. शाळा सोडल्याचा दाखला घेण्याची घाई त्यापूर्वीं करूं नये.

शेवटीं एक व्यवहाराची सूचना. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्यें असली तरी फॉर्म नंबर १७ आदल्या पावसाळ्यापासूनच भरून घेतात, आणि त्यानंतर विद्यार्थ्यास नेमून दिलेल्या शाळेशीं संपर्क ठेवून तोंडी व प्रात्यक्षिक कामें पुरीं करावयाचीं असतात. नाताळ जवळ आला असतां चौकशीस येणाऱ्या पालकांस आम्हांला बहुधा पुढील वर्षाची तारीख सांगावी लागते.