नौकेवरचा हिवाळा

उत्तर अमेरिकेत शरद ऋतू सरत आला, मेपलची पाने गळू लागली, की पक्ष्यांचे थवे दक्षिणेची वाट धरतात. त्यांच्या मागोमाग माणसेही निघतात. कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून हिवाळ्यापुरते उबदार प्रदेशात जाऊन राहणाऱ्या या मंडळींना तिकडे गमतीने ‘हिमपक्षी’ म्हणतात. त्यांतील बहुतेकजण मोटारीने किंवा विमानाने जातात. काहीजण मात्र आपले घरच बरोबर घेऊन जातात. त्यांचे घर म्हणजे तीस-चाळीस फूट लांबीची, शिडाची वा यंत्राची एक नौका. अशा नौकांचे एक आवडते मुक्कामाचे ठिकाण म्हणजे फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या ‘कीज’ नावाच्या बेटमालिकेतील मॅरेथॉन हे लहानसे शहर.

या प्रवासाची वेळ हौसेने नव्हे, तर वाऱ्यावादळाने ठरविलेली असते. कोकणचा कोळी पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा समुद्राला भिडतो. अटलांटिकच्या या बाजूसही असेच एक पंचांग आहे. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तेथे चक्रीवादळांचा हंगाम मानला जातो. अनेक विमा कंपन्या या काळात नौका दक्षिणेस नेऊ देत नाहीत. नेल्यास नुकसानीची जबाबदारी घेत नाहीत. उत्तरेत थांबावे तर पाणी गोठण्याची भीती, दक्षिणेस लवकर जावे तर वादळाची. या दोन भयांच्या मधल्या फटीतून हा तांडा पुढे सरकतो.

त्याची वाट खुल्या समुद्रातूनच जाते असे नाही. व्हर्जिनियातील नॉरफोक येथून खाड्या, नद्या आणि खोदलेले कालवे जोडून केलेला एक आतला जलमार्ग दक्षिणेकडे जातो. नॉरफोक येथे त्याचा शून्य मैल असून मायामीपर्यंत त्याची लांबी सुमारे १०९० मैल भरते. हा मार्ग गाळ काढून वाहता ठेवण्याचे काम अमेरिकी सैन्याच्या अभियांत्रिकी विभागाकडे आहे. त्यावरील स्थिर पूल सर्वसाधारणपणे पाण्यापासून ६५ फूट उंच आहेत. मायामीतील एक पूल मात्र ५६ फुटांचाच आहे. तेव्हा ज्याची डोलकाठी त्याहून उंच, त्याला तेवढ्यापुरते बाहेरच्या समुद्रात जाणे भाग पडते. नौकेचा वेग ताशी पाच-सहा मैल आणि चालावयाचे बहुधा दिवसाउजेडी. त्यामुळे मोटारीने दोन दिवसांत संपणारा रस्ता येथे महिनाभर पुरतो.

मॅरेथॉन ज्या बेटांवर वसले आहे, ती प्रवाळाच्या खडकाची आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम काही फूट उंच आहेत. १९१२ साली रेल्वे या बेटांवरून समुद्र ओलांडीत की वेस्टपर्यंत पोहोचली. १९३५ च्या भयंकर वादळाने ती मोडून पडली आणि तिच्याच पुलांचा आधार घेऊन १९३८ मध्ये मोटाररस्ता झाला. येथे जानेवारीतही दुपारचे तापमान चोवीस अंश सेल्सियसच्या आसपास असते. शेजारच्या की वेस्टमध्ये पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची नोंद नाही. मॅरेथॉनच्या दक्षिणेस ‘बूट की’ हे खारफुटीने वेढलेले बेट आहे. दोहोंच्या मधले पाणी जवळजवळ सर्व बाजूंनी आडोशाचे. तेथे नगरपालिकेने सव्वादोनशेच्या आसपास बोये बसविले आहेत. बोया म्हणजे समुद्रतळाशी पक्क्या रोवलेल्या आधाराला बांधलेला तरंगता गोळा. नौका त्याला बांधावयाची, भाडे भरावयाचे आणि लहान होडीतून किनाऱ्यावर ये-जा करावयाची. किनाऱ्यावर स्नानगृहे, कपडे धुण्याची यंत्रे आणि दुरुस्तीसाठी जागा असते. ज्यांना अधिक खर्च झेपतो ते खासगी धक्क्याला नौका लावतात. तेथे वीज आणि पाणी थेट नौकेपर्यंत येते. ऐन हिवाळ्यात बोयांसाठी प्रतीक्षायादी लागते.

किनाऱ्यावरून पाहणाऱ्यास या जीवनात विश्रांतीच दिसते. आत शिरले की दिसतो तो काटेकोर हिशोब. मध्यम नौकेत तीन-चारशे लिटर पाण्याची टाकी असते. शहरात नळ सोडला की पाणी येते, म्हणून कोणी ते मोजीत नाही. येथे दोन माणसांचा आठवडा त्यात भागवावयाचा असल्याने भांडी घासताना धारसुद्धा बारीक ठेवावी लागते. हे गोडे पाणी बेटावरचेही नव्हे. १९४२ पासून ते मुख्य भूमीवरून नळाने येते. विजेचेही तसेच. बोयावरच्या नौकेला सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या तावदानांनी बॅटरीत जेवढी भर घातली, तेवढीच वीज. धक्क्यावरही नेहमीची जोडणी तीस अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टवर ३६०० वॉटची. पाणी तापविणारे यंत्र, शेगडी आणि हवा गरम करणारा पंखा एकाच वेळी लावले तर वीज तुटते.

काही धोके डोळ्यांना दिसत नाहीत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. घरात तो गळला तर दाराखिडक्यांतून निघून जाण्याचा संभव असतो. नौकेत तो तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून गॅसची टाकी वेगळ्या कप्प्यात ठेवतात आणि त्या कप्प्याचे भोक थेट बाहेर काढतात. दुसरा धोका धातूचा. विजेच्या तारेने धक्क्यावरील सर्व नौका परस्परांना जोडल्या जातात. खाऱ्या पाण्यात त्यांची जणू एक प्रचंड बॅटरीच तयार होते आणि पंख्यासारखे मोलाचे भाग झिजू लागतात. त्यावर उपाय म्हणून नौकेच्या अंगाला जस्ताचे तुकडे लावतात. झीज ते स्वतःवर ओढून घेतात आणि संपत आले की बदलावयाचे असतात.

इतक्या मर्यादांत माणसे एकमेकांना धरून राहिली नाहीत तरच नवल. रोज सकाळी नऊ वाजता बूट की बंदरातील नौका आपापले रेडिओसंच एका ठरलेल्या वाहिनीवर लावतात. कोणी नवा आला, कोणी निघाला, कोणाला सुटा भाग हवा आहे, कोणास यंत्राची माहिती आहे, हे त्या छोट्या ध्वनिक्षेपणातून सर्वांना कळते. उत्तरेकडून थंड वारा येणार असेल तर तो दक्षिणेकडून पश्चिमेला आणि तेथून उत्तरेला कसा फिरेल, याची चर्चा होते. कारण वारा फिरला की साऱ्या नौका बोयाभोवती फिरतात आणि सैल दोर त्या वेळी उघडा पडतो.

परंतु या वस्तीचा खरा प्रश्न दोराचा नाही, सांडपाण्याचा आहे. समुद्र सर्वांचा, म्हणून त्यावर नांगर टाकण्याचा हक्कही सर्वांचा, असे नौकावासी म्हणत. त्या समुद्रात मैला सोडण्याचा हक्क कोणाचाच नाही, असे किनारवासी म्हणत. दोघांचेही म्हणणे खरे होते आणि त्यामुळेच तंटा अवघड होता. १९९२ साली अमेरिकी संसदेने नौकांतील मैला उपसण्याच्या सोयींसाठी अनुदान देणारा कायदा केला. २००२ मध्ये कीजभोवतीच्या राज्याच्या हद्दीतील पाण्यात नौकेचा मैला सोडण्यास पूर्ण बंदी झाली. बूट की बंदरात आता नगरपालिकेची उपसा-नौका बोयांवरील नौकांकडे जाऊन त्यांच्या टाक्या रिकाम्या करते. नुसती बंदी करून भागले नसते. नियम पाळता येईल अशी सोय माणसाच्या दारापर्यंत नेली, तेव्हाच तो पाळला गेला.

एक अवघड बाजू उरतेच. या बंदरात हौशी पाहुण्यांशेजारी असेही लोक राहतात, की ज्यांना किनाऱ्यावरील घरभाडे परवडत नाही. हिमपक्षी एप्रिलमध्ये उत्तरेस परततात. हे मात्र वादळाच्या ऋतूतही तेथेच राहतात. १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘इर्मा’ हे चक्रीवादळ मॅरेथॉनच्या पश्चिमेस असलेल्या कजो बेटावर आदळले. कीजमध्ये शेकडो नौका बुडाल्या किंवा खारफुटीत जाऊन अडकल्या. एखाद्याची ती सहलीची नौका होती. एखाद्याचे ते एकुलते एक घर होते. पाण्यावरून पाहता दोन्ही सारख्याच दिसत असत.

नौकेवरचा हिवाळा मुक्त असतो, यात शंका नाही. मात्र ती मुक्तता गाळ काढलेला कालवा, पक्का रोवलेला बोया, वेळेवर येणारी उपसा-नौका आणि सकाळी नऊला हाक देणारा शेजारी यांच्यावर उभी असते. घर लहान झाले म्हणजे माणसाला आपण किती पाणी वापरतो आणि किती घाण करतो हे मोजून कळू लागते. मोठ्या घरांतून आणि शहरांतूनही हिशोब तोच असतो. फक्त तेथे टाकीचा तळ दिसत नाही.