महाविद्यालयीन आकाशनिरीक्षणासाठी दुर्बीण : निवड, वापर आणि छायाचित्रण

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र किंवा भूगोल विभागात खगोलीय दुर्बीण असणे ही आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. दुर्मीळ आहे तो तिचा नियमित वापर. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५२५ पट विशालन’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. तीन दरपत्रके मागवून, तुलनात्मक तक्ता करून, रीतसर ठरावाने ती घेण्यात आली होती. जडवस्तू नोंदवहीत तिला क्रमांकही मिळाला होता. पहिल्या वर्षी दोन-तीन वेळा ती गच्चीवर नेण्यात आली. हाताचा स्पर्श होताच प्रतिमा थरथरे आणि शनी दिसतो न दिसतो तोच दृष्टिक्षेत्राबाहेर निसटे. पुढे ती कपाटातून बाहेर निघण्याचा प्रसंग म्हणजे मूल्यांकन समितीची भेट.

या खरेदीत कोणताही नियमभंग नव्हता. तुलनात्मक तक्त्यातील निकषच चुकीचा होता. त्या निकषाच्या जागी कोणते निकष असावेत आणि उपकरण हाती आल्यावर त्याच्याकडून अध्यापनाचे कोणते काम करून घेता येईल, याचा विचार येथे केला आहे.

महाविद्यालय आणि दुर्बीण यांचे नाते आपल्याकडे बरेच जुने आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्राण होते. तेथील डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंच व्यासाची परावर्ती दुर्बीण ही त्या काळी देशातील सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध नायगमवाला यांनी जेऊर येथून घेतले. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. ती दुर्बीण आजही ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली जाते. २० इंची आरशाची ही कथा असेल, तर आपल्या साठ मिलीमीटरच्या भिंगाने कपाटात बसावे यात नवल नाही. म्हणून यंत्र निवडतानाच ते कोण वापरणार आणि कशासाठी, हे ठरवून घेणे अगत्याचे आहे.

विशालनाचा हिशेब

खोक्यावरील ५२५ हा आकडा खोटा नसतो. वस्तुभिंगाचे नाभीय अंतर ७०० मि.मी. आणि नेत्रिकेचे ४ मि.मी. असेल तर विशालन १७५ पट होते. त्यात तिप्पट करणारे बार्लो भिंग घातले की ५२५ पट. अंकगणित निर्दोष आहे. परंतु भिंगाचा व्यास ६० मि.मी. असल्याने नेत्रिकेतून बाहेर पडणारा प्रकाशझोत अवघा ०.११ मि.मी. रुंदीचा उरतो. जे दिसते ते मोठे असते, मात्र अंधूक व अस्पष्ट असते. व्यासाच्या प्रत्येक मिलीमीटरमागे दोन पट ही विशालनाची व्यवहार्य कमाल मर्यादा मानतात; म्हणजे या दुर्बिणीसाठी १२० पट, आणि तीही हवा स्थिर असेल तेव्हा.

दुर्बिणीची खरी क्षमता तिच्या व्यासात असते. अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे ७ मि.मी. रुंद होते. १५० मि.मी. व्यासाचा आरसा तिच्या सुमारे साडेचारशे पट प्रकाश गोळा करतो. जवळचे दोन तारे विलग दाखविण्याची क्षमताही व्यासावरच अवलंबून असते. ११६ या संख्येला मिलीमीटरमधील व्यासाने भागले की ही मर्यादा विकलांमध्ये मिळते : ६० मि.मी.साठी १.९ विकला, १५० मि.मी.साठी पाऊण विकला. व्यास आणखी वाढवीत नेल्यास बहुतेक रात्री वातावरणाची चंचलता आड येते आणि यंत्राचे वजनही वाढते. तिसऱ्या मजल्यावरील गच्चीवर जे यंत्र दोन विद्यार्थ्यांना सहज नेता येत नाही, त्याचा आरसा कितीही मोठा असला तरी तो फारसा उपयोगी पडत नाही.

बैठक : दुर्लक्षिला जाणारा निम्मा भाग

दरपत्रकात दुर्बिणीच्या नळीचे वर्णन सविस्तर असते आणि बैठकीची बोळवण ‘स्टँडसह’ एवढ्या एका शब्दात होते. प्रत्यक्षात निरीक्षण यशस्वी होते की नाही, हे बैठकच ठरविते. प्रतिमा शंभर पट मोठी होते तशी थरथरही शंभर पट वाढते. खरेदीपूर्वी एक साधी कसोटी घ्यावी : नळीला हलकी टिचकी मारावी आणि प्रतिमा किती वेळात स्थिर होते ते पाहावे. एक-दोन सेकंद ठीक. पाच सेकंद लागत असतील तर ती बैठक नाकारावी.

दृश्य निरीक्षणासाठी या लेखकाची निःसंदिग्ध शिफारस डॉब्सन पद्धतीच्या बैठकीवरील १५० मि.मी. परावर्ती दुर्बिणीची आहे. जॉन डॉब्सन (१९१५–२०१४) हे सॅन फ्रान्सिस्कोतील वेदान्त मठात बरीच वर्षे संन्यासी होते. प्लायवूड, पुठ्ठ्याची नळी आणि जहाजाच्या खिडकीची जाड काच अशा सामग्रीतून त्यांनी मोठ्या व्यासाच्या स्वस्त दुर्बिणी तयार केल्या आणि त्या रस्त्याच्या कडेला मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखविला. त्यांची बैठक म्हणजे तोफेच्या गाड्यासारखी लाकडी पेटी, आडवी व उभी फिरणारी. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. १२०० मि.मी. नाभीय अंतराच्या अशा दुर्बिणीला २५ मि.मी.ची नेत्रिका ४८ पट आणि १० मि.मी.ची १२० पट विशालन देते. पहिलीत संपूर्ण चंद्र मोकळेपणाने मावतो, दुसरीत शनीची कडी व गुरूचे पट्टे स्पष्ट दिसतात. आणखी नेत्रिकांचा संच घेण्यापेक्षा तो पैसा १० × ५० च्या दोन द्विनेत्री दुर्बिणींवर खर्च करावा. दोन अंश पसरलेला कृत्तिकेचा पुंजका दुर्बिणीपेक्षा द्विनेत्रीतच सुंदर दिसतो, आणि रांगेत ताटकळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती तेवढ्या वेळात काहीतरी राहते.

आधीच घेतलेली लहान दुर्बीण मात्र टाकून देऊ नये. वर उल्लेखिलेल्या दुर्बिणीचे वस्तुभिंग मुळात चांगले होते. ४ मि.मी.ची नेत्रिका व बार्लो भिंग बाजूला ठेवून, २० मि.मी.ची नेत्रिका लावून आणि नळी छायाचित्रकाराच्या भक्कम तिपाईवर बसवून पाहिली, तेव्हा ३५ पट विशालनात शनीचे कडे त्याच भिंगातून निर्विवाद दिसले.

खरेदीपूर्वी निरनिराळ्या दुर्बिणींतून प्रत्यक्ष पाहण्याची संधी घ्यावी. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) आणि मुंबईचे खगोल मंडळ (१९८५) या हौशी निरीक्षकांच्या जुन्या संस्था आहेत. स्वतः आरसा घासून दुर्बीण तयार करण्याच्या कार्यशाळा आयुकेने घेतल्या आहेत. अशा कार्यशाळेत तयार झालेला अध्यापक विकत घेतलेल्या कोणत्याही उपकरणापेक्षा विभागाच्या अधिक उपयोगी पडतो.

छायाचित्रण

येथे प्रथमच दोन वाटा फुटतात आणि त्यांची गल्लत महागात पडते. चंद्र आणि ग्रह तेजस्वी असतात, त्यामुळे त्यांना दीर्घ उद्भासनाची गरज नसते. लहान कॅमेऱ्याने किंवा नेत्रिकेवर धरलेल्या मोबाइलनेही त्यांचे चलचित्र घ्यावे. त्यातील शेकडो चौकटींपैकी हवा क्षणभर स्थिर असतानाच्या तेवढ्या संगणकाने निवडाव्यात आणि एकावर एक रचाव्यात. शंभर चौकटी रचल्या की यादृच्छिक गोंगाट मूळ संकेताच्या तुलनेत दहापट कमी होतो. हे वर्गमूळाचे नाते संख्याशास्त्राच्या वर्गात दाखविण्याजोगे आहे.

तेजोमेघ आणि दीर्घिका यांची गोष्ट वेगळी. आकाश दर सेकंदाला १५ विकला सरकते. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये किती विकला मावतात, हे पिक्सेलचा मायक्रोमीटरमधील आकार २०६ ने गुणून मिलीमीटरमधील नाभीय अंतराने भागले असता मिळते. ३.७६ मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि ६०० मि.मी.ची दुर्बीण असेल तर उत्तर १.३ विकला येते. म्हणजे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा एका सेकंदात अकराहून अधिक पिक्सेल ओलांडून जातो. येथे आकाशाच्या गतीने फिरणारी विषुववृत्तीय बैठक अपरिहार्य ठरते, आणि निम्म्याहून अधिक खर्च तिच्यावरच करावा लागतो. उरलेल्या पैशात ६० ते ८० मि.मी. व्यासाची उत्तम अपवर्ती दुर्बीण पुरेशी होते. नेहमीच्या दृश्य निरीक्षणाची मोठी डॉब्सनी दुर्बीण या कामाला चालत नाही.

विषुववृत्तीय बैठकीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या ठिकाणाचा अक्षांश. पुण्यात ती साडेअठरा अंश, नागपुरात सुमारे एकवीस. एवढ्या खाली धूळ, दिवे आणि उत्तरेकडील इमारती यांत ध्रुवतारा हरवतो. म्हणून गच्चीवरील जागा निवडताना उत्तर मोकळी आहे की नाही ते आधी पाहावे. उच्च अक्षांशांच्या देशांसाठी घडविलेल्या काही बैठकी इतक्या कमी कोनात झुकविल्या की त्यांचे प्रतिभार तिपाईच्या पायावर आदळतात, हेही खरेदीपूर्वीच तपासलेले बरे.

अलीकडे दुर्बीण, कॅमेरा, बैठक व संगणक एकाच पेटीत असलेली स्वयंचलित उपकरणे मिळू लागली आहेत. ती स्वतःच आकाश ओळखतात, स्वतःच चौकटी रचतात, आणि शहरी आकाशातूनही मृगातला तेजोमेघ पडद्यावर आणतात. जाहीर कार्यक्रमासाठी त्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. पण विद्यार्थ्याला मृग नक्षत्र कोठे आहे हे न कळताच त्याचे चित्र हाती येत असेल, तर विभागाचे ते पहिले उपकरण असू नये, असे या लेखकाचे मत आहे.

एक प्रात्यक्षिक

डॉब्सन बैठकीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ती आकाशामागे फिरत नाही. हा दोषच मोजमापाचे साधन होऊ शकतो. दुर्बीण स्थिर सोडावी आणि गुरू दृष्टिक्षेत्राच्या कडेला पोहोचू द्यावा. बिंबाचा स्पर्श झाल्यापासून ते पूर्ण लुप्त होईपर्यंत प्रतियुतीच्या सुमारास सुमारे ३ सेकंद लागतात. त्याच रीतीने गॅनिमीड हा उपग्रह आणि ग्रहबिंबाचा मध्य यांच्या लुप्त होण्यातील अंतर मोजावे. ते अधिकाधिक २२ सेकंदांपर्यंत जाते. दोन काळांचे गुणोत्तर घेतले की दुर्बिणीचे नाभीय अंतर आणि गुरूची क्रांती, दोन्ही समीकरणातून गळून पडतात. उपग्रहांची रेषा सरकण्याच्या दिशेशी जो कोन करते तो आकृतीत नोंदवून त्याच्या कोज्येने भागावे. दहा-बारा रात्रींच्या नोंदींवरून आलेख काढला की कक्षेची त्रिज्या ग्रहाच्या त्रिज्येच्या सुमारे १५ पट आणि आवर्तकाळ ७.१५ दिवस मिळतो.

आता केप्लरचा तिसरा नियम व न्यूटनचा गुरुत्वनियम एकत्र आणावेत. या गुणोत्तराचा घन करून त्याला आवर्तकाळाच्या वर्गाने भागावे आणि तीन पाय भागिले गुरुत्वस्थिरांक याने गुणावे. येणारी संख्या म्हणजे गुरूची सरासरी घनता. उत्तर दर घनमीटरला सुमारे १२४० किलोग्रॅम येते. मान्य मूल्य १३२६ आहे. निर्दोष मोजमापानंतरही उरणारा हा फरक मुख्यतः गुरू ध्रुवांजवळ चपटा असल्यामुळे पडतो. गुणोत्तराचा घन घ्यावयाचा असल्याने मापनातील ५ टक्के चूक उत्तरात १५ टक्के होते; ही गोष्ट विद्यार्थ्यांना स्वतःच्या आकड्यांवरून उमगू द्यावी. तरीही पृथ्वीच्या ५५०० शी तुलना करता गुरू खडकाचा गोळा नाही, हा निष्कर्ष चुकीच्या मर्यादेत राहूनही टिकतो. त्यासाठी गुरूचे अंतर माहीत असण्याचीही गरज पडत नाही. सामग्री एवढीच : दुर्बीण, विरामघड्याळ आणि वही.

निगा

दिवसा वापर करावयाचा झाल्यास सूर्याबाबत कोणतीही तडजोड नको. सूर्यगाळणी नळीच्या पुढच्या तोंडावरच बसवावी. नेत्रिकेत बसवावयाच्या काळ्या गाळण्या उष्णतेने तडकू शकतात. त्या संचात आल्या असतील तर फोडून टाकाव्यात. शोधक दुर्बिणीचे तोंड झाकलेले असावे.

जून ते सप्टेंबर हा आपल्याकडे निरीक्षणाचा नव्हे तर बुरशीचा हंगाम. या काळात नेत्रिका सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि पुड्या दर पंधरवड्याला तापवून कोरड्या कराव्यात. आरशावरची धूळ पुसण्याचा मोह टाळावा. थोड्या धुळीने प्रतिमेचे काही बिघडत नाही, पुसण्याने पडलेले ओरखडे मात्र कायमचे राहतात. निरीक्षणाच्या रात्री दुर्बीण अर्धा तास आधी उघड्यावर ठेवावी, म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येतो. ऑक्टोबरातील पहिल्या निरभ्र रात्री विद्यार्थ्यांना बोलाविण्यापूर्वी अध्यापकाने एकट्याने जाऊन एखाद्या तेजस्वी ताऱ्यावर आरशांचे समरेखन तपासावे. तारा केंद्राबाहेर नेला असता दिसणारी वर्तुळे एककेंद्री नसतील, तर मागचे तीन स्क्रू थोडेथोडे फिरवून ती तशी करावीत. पहिल्या वेळी या कामाला तासभर लागतो, सवय झाल्यावर पाच मिनिटे पुरतात.